प्राचीन तत्त्वज्ञ ‘मुवह्हिद’ होते का?

प्रश्न असा आहे: मुवह्हिद म्हणजे एकाच ईश्वराला मानणारा आणि पूजणारा. सुक्रात (सॉक्रेटिस), अफलातून (प्लेटो) आणि अरस्तू (अॅरिस्टॉटल) हे एकच ईश्वर मानत होते असे काही मुस्लिम ग्रंथांत वाचायला मिळते, तर काही ग्रंथांत त्यांना सरळ काफिर म्हटलेले आढळते. मग इस्लामच्या दृष्टीने खरे काय समजावे? त्यांच्यापर्यंत एखाद्या पैगंबराचा संदेश पोहोचला असेल असे मानता येईल का? आणि ते मुवह्हिद नसतील, तर त्यांचे ग्रंथ वाचावेत का?

कलामशास्त्र, म्हणजे इस्लामी श्रद्धांची तर्काने केलेली चर्चा, आणि अरबी तत्त्वज्ञान शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नव्या वर्गात विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्याला बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. तसे उत्तर द्यायचेच झाले तर मी ‘नाही’ म्हणेन. पण या ‘नाही’चा नेमका अर्थ समजून घेतला नाही तर ते उत्तर अर्धवटच नव्हे, तर अन्यायाचेही ठरेल. विश्वाच्या मुळाशी एकच कारण आहे असा निष्कर्ष काढणे ही एक गोष्ट आहे आणि त्या एकालाच आपला इलाह, म्हणजे उपासनेचा एकमेव हक्कदार, मानणे ही वेगळी गोष्ट आहे. ग्रीकांपैकी काही जण पहिल्या गोष्टीच्या बरेच जवळ गेले होते. दुसरी गोष्ट त्यांनी केल्याचा विश्वासार्ह पुरावा आपल्या हाती नाही. शिवाय ‘एकेश्वरवादी तत्त्वज्ञ’ हे जे चित्र अरबी परंपरेने रंगवले, त्यातला बराचसा रंग त्या तत्त्वज्ञांचा स्वतःचा नाही.

आधी कसोटी निश्चित करू. मक्केतले मूर्तिपूजक निर्माता मानत नव्हते असा अनेकांचा समज असतो, पण कुरआन तसे म्हणत नाही. आकाश आणि पृथ्वी कोणी निर्माण केली असे त्यांना विचारलेत तर ते ‘अल्लाहने’ असेच उत्तर देतील, हे सूरह लुकमान (३१:२५) आणि सूरह अन्कबूत (२९:६१) यांत स्पष्ट आहे. इतर दैवतांना आपण का पुजतो याचे कारण ते सांगत ते असे, की ती दैवते आपल्याला अल्लाहच्या जवळ नेतात (३९:३). म्हणजे निर्माता एक आहे हे मान्य करूनही माणूस शिर्कमध्ये, म्हणजे अल्लाहला भागीदार जोडण्याच्या दोषात, असू शकतो; सूरह यूसुफमधली १०६ वी आयत तर नेमके हेच सांगते, की त्यांच्यातले बहुतेक जण अल्लाहवर ईमान ठेवतात ते त्याला भागीदार जोडूनच. रुबूबिय्या, म्हणजे निर्माता आणि पालनकर्ता एकच असल्याची मान्यता, आणि उलूहिय्या, म्हणजे उपासना एकालाच अर्पण करणे, हा भेद पुढे इब्न तैमिया आणि त्यांच्या परंपरेने ठाशीवपणे मांडला. अशअरी आणि मातुरीदी या सुन्नी कलामाच्या दोन परंपरांचे विद्वान तौहीदची (अल्लाहच्या एकत्वाची) मांडणी या पद्धतीने करत नाहीत. ते अल्लाहचे अस्तित्व, त्याचे गुण आणि त्याच्या कृती या तिन्हींत त्याचे एकत्व मानतात. पुढे दिसेल की कोणतीही मांडणी घेतली तरी निदान अरस्तूच्या बाबतीत निकाल फारसा बदलत नाही.

आता ‘एकेश्वरवादी तत्त्वज्ञ’ ही कल्पना आली कुठून ते पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे झपाट्याने होत होती. त्या काळचा पहिला मोठा मुस्लिम तत्त्वज्ञ अल-किंदी याने खलिफा मुअतसिम (कारकीर्द इ.स. ८३३ ते ८४२) याला ‘आद्य तत्त्वज्ञान’ या विषयावरचा आपला ग्रंथ अर्पण केला आणि त्यात सांगितले, की सत्य दूरच्या आणि परक्या लोकांकडून आले तरी ते स्वीकारण्यात आपण लाज बाळगू नये. त्याच किंदीच्या देखरेखीखाली एक ग्रंथ अरबीत आला, ‘उसूलूजिया’, म्हणजे ‘अरस्तूचे ईश्वरज्ञान’. भाषांतर होम्सच्या अब्दुल मसीह इब्न नाइमा या ख्रिस्ती विद्वानाने केले, किंदीने ते तपासले, आणि खलिफाचा पुत्र अहमद याच्यासाठी ते सिद्ध झाले. या ग्रंथातला अरस्तू ‘पहिल्या निर्मात्या’विषयी बोलतो, आत्म्याच्या ऊर्ध्वगमनाविषयी बोलतो, सर्व अस्तित्व एकापासून कसे प्रकटले ते सांगतो. मुस्लिम वाचकाला हा अरस्तू घरचाच वाटावा, आणि तसा तो वाटलाही.

अडचण इतकीच, की तो ग्रंथ अरस्तूचा नव्हता. तिसऱ्या शतकातला नवप्लेटोवादी, म्हणजे अफलातूनचे विचार नव्याने मांडणारा, तत्त्वज्ञ प्लोटायनस याच्या ‘एनिअड्स’ या ग्रंथातील चौथ्या ते सहाव्या भागांचे ते सैलसर रूपांतर होते, आणि ‘निर्माता’ ही भाषाही बरीचशी अरबी रूपांतरकारांनी घातलेली होती. युरोपातल्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात हे दाखवून दिले. पण इब्न सीनालाही त्या ग्रंथाविषयी कुठेतरी खटकत होते, हे त्याच्या एका पत्रातल्या ओझरत्या शेऱ्यावरून दिसते. प्रोक्लस या आणखी एका नवप्लेटोवाद्याच्या विचारांवर आधारलेली ‘शुद्ध शुभाविषयी’ नावाची पुस्तिकाही अशीच अरस्तूच्या नावावर खपली. तेव्हा जुन्या मुस्लिम ग्रंथकारांनी अरस्तूला एकेश्वरवादी म्हटले, तेव्हा ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्यासमोर जो अरस्तू होता त्याच्याविषयी ते बोलत होते.

दहाव्या शतकातल्या अबुल हसन अल-आमिरीने याच्याही पुढे जाऊन एक वंशावळच मांडली. एम्पिडोक्लिज या ग्रीक तत्त्वज्ञाने शामच्या (सीरियाच्या) प्रदेशात हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्या काळी लुकमान हकीम यांच्याकडून ज्ञान घेतले, पायथागोरसने मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) हजरत सुलेमान (अलैहिस्सलाम) यांच्या अनुयायांकडून घेतले, सुक्रातला ते पायथागोरसकडून मिळाले, आणि अशा रीतीने ग्रीक हिकमतीचा दिवा ‘मिश्कातुन नुबुव्वत’, म्हणजे नुबुव्वतच्या (पैगंबरपदाच्या) कोनाड्यातल्या दिव्यावर पेटला. (‘हिकमत’ हा शब्द मराठीत युक्तीवर येऊन थांबला आहे, इथे तो कुरआनातल्या अर्थाने, म्हणजे अल्लाहने लुकमानना दिलेल्या शहाणपणाच्या अर्थाने घ्यावा.) बाराव्या शतकात शहरस्तानीने आपल्या ‘अल-मिलल वन-निहल’ या ग्रंथात थेल्स, अॅनाक्सागोरस, अॅनाक्सिमेनीस, एम्पिडोक्लिज, पायथागोरस, सुक्रात आणि अफलातून हे हिकमतीचे सात स्तंभ सांगितले आणि त्यांचे बोलणे अल्लाहच्या एकत्वाभोवती फिरते असे लिहिले.

ही मांडणी मनाला सुखावणारी आहे, आणि तिच्यामागचा हेतूही चांगला होता; पण ती इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. हजरत दाऊद यांचा काळ सामान्यतः ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकाच्या आसपास धरला जातो आणि एम्पिडोक्लिज पाचव्या शतकातला आहे, म्हणजे गुरुशिष्यांत सुमारे ५०० वर्षांचे अंतर पडते. बरे, एम्पिडोक्लिजच्या स्वतःच्या ज्या ओळी शिल्लक आहेत त्यांत तो आपल्या गावकऱ्यांना सांगतो, की मी आता मर्त्य राहिलेलो नाही, अमर देव म्हणून तुमच्यात वावरतो. स्वतःलाच देव म्हणवणाऱ्या माणसाला लुकमान हकीम यांचा शिष्य ठरवणे हा इतिहासाने केलेला विनोदच म्हटला पाहिजे. शहरस्तानीचा थेल्स निर्मात्याच्या एकत्वावर गंभीर चर्चा करतो; ग्रीकांकडे टिकलेला थेल्स मात्र सर्व काही पाण्यापासून झाले म्हणतो, आणि अरस्तूने त्याच्या नावावर ‘सर्व काही देवांनी भरलेले आहे’ असे वचन नोंदवले आहे.

मग मूळ ग्रीक साधने काय सांगतात? माझ्या मते तौहीदच्या सर्वांत जवळ जाणारा आवाज सुक्रातचाही नाही आणि अरस्तूचाही नाही. तो ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात कोलोफोन इथे जन्मलेल्या झेनोफेनीसचा आहे, आणि गंमत अशी की शहरस्तानीच्या सात स्तंभांत त्याला जागा नाही. माणसे आपल्यासारखेच देव घडवतात, हबशी लोकांचे देव काळे आणि चपट्या नाकाचे असतात तर थ्रेसवाल्यांचे निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे, आणि बैलांना नि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपले देव बैलांसारखे आणि घोड्यांसारखे काढले असते, असे तो म्हणतो. मूर्तिपूजेवर इतकी अचूक टीका मक्केच्या बाजारातही शोभली असती. त्याचे आणखी एक वचन आहे, की देव एक आहे, देहाने आणि विचाराने मर्त्यांसारखा मुळीच नाही. पण त्या ओळीचा पूर्ण पाठ ‘देवांमध्ये आणि माणसांमध्ये सर्वश्रेष्ठ असा एक देव’ असा आहे. ‘देवांमध्ये’ हा शब्द तिथे आहेच. ती केवळ बोलण्याची पद्धत होती असे काही अभ्यासक मानतात आणि ते अशक्य नाही. पण तौहीदची गवाही एवढ्या संदिग्ध शब्दावर उभी करता येत नाही.

सुक्रातचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण ख्रिस्तपूर्व ३९९ साली त्याला जे विष प्यावे लागले ते शहराच्या देवांना न मानल्याच्या आरोपावरून. यामुळेच इब्न कय्यिम यांच्यासारख्या कडक विद्वानानेही मूर्तिपूजेला विरोध करणारा म्हणून त्याचा उल्लेख सहानुभूतीने केला आहे. तुमच्यापेक्षा मी देवाची आज्ञा अधिक मानीन, हे त्याचे न्यायालयातले वाक्य वाचताना कोणत्याही मुसलमानाचे मन हलेल. परंतु त्याच्याच शिष्यांनी दिलेली साक्ष बाजूला कशी ठेवायची? झेनोफन आपल्या गुरूचा बचाव करताना सांगतो, की तो घरी आणि शहराच्या वेदींवर उघडपणे बळी अर्पण करत असे. आणि अफलातूनच्या वृत्तांतात त्याचे शेवटचे शब्द आरोग्यदेव अस्क्लेपियसला कोंबडा देणे राहिले आहे, तो द्यायला विसरू नका, असे आहेत. ते शब्द उपरोधाने आले की श्रद्धेने, यावर अडीच हजार वर्षे वाद चालू आहे. माझे मत विचाराल तर सुक्रात कदाचित आपल्या समाजापेक्षा पुष्कळ पुढे गेला होता, पण ‘मुवह्हिद’ हा शब्द मी त्याच्यासाठी वापरणार नाही.

अफलातूनच्या नावाचे भाग्य असे, की त्याच्या अरबी रूपावरूनच मराठीत विलक्षण गोष्टीला ‘अफलातून’ म्हणण्याची पद्धत पडली. त्याच्या ‘टिमेअस’ या संवादात विश्वाचा एक घडवणारा आहे, तो चांगला आहे आणि मत्सररहित आहे. पण तो आधीपासून असलेल्या अव्यवस्थित द्रव्याला आकार देतो, शून्यातून निर्माण करत नाही. आणि मग तो दुय्यम देवांना बोलावून मर्त्य प्राणी घडवण्याचे काम त्यांच्यावर सोपवतो. ‘कायदे’ या उत्तरायुष्यातल्या संवादात तर शहराच्या देवांची पूजा कायद्याने राखलेली आहे. कुंभार एकच असला तरी माती त्याची नाही आणि हाताखालचे कारागीरही पूजले जातात, अशी ही अवस्था आहे.

अरस्तूचा ‘स्वतः न हलता हलवणारा’ अनेकांना अल्लाहच्या जवळचा वाटतो, परंतु त्याच्या ‘मेटाफिजिक्स’चा बारावा खंड शांतपणे वाचला तर भ्रम उरत नाही. तिथला ईश्वर स्वतःच्या चिंतनाचेच चिंतन करत असतो. तो जगाला इच्छेने निर्माण करत नाही, प्रार्थना ऐकत नाही, पैगंबर पाठवत नाही, आणि जगाला तो हलवतो ते प्रिय वस्तू प्रेमिकाला हलवते तसे. त्याच खंडाच्या आठव्या प्रकरणात ग्रहगोलांच्या गतींसाठी असे ५५ किंवा ४७ चालक लागतील असा हिशेब आहे. खंडाच्या शेवटी मात्र अनेकांचे राज्य चांगले नसते, राजा एकच असावा, ही होमरची ओळ येते. खालिक, अलीम, मुरीद, म्हणजे निर्माता, जाणता आणि इच्छा करणारा, हे तिन्ही गुण ज्याला लागू पडत नाहीत त्याला अशअरी कसोटीवरही अल्लाह म्हणता येत नाही. तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणाऱ्या डायोजिनीस लेअर्टियसने जपलेल्या अरस्तूच्या मृत्युपत्रात, त्याचा नियोजित जावई निकानोर सुखरूप परतला तर स्टॅगिरा गावी झ्यूस आणि अथेना यांच्या चार हात उंचीच्या पाषाणमूर्ती उभारण्याची सूचना आहे. ती लोकरूढी म्हणून सोडून देता येईल. पण मूर्तींचा नवस फेडायला सांगणाऱ्याला मुवह्हिद म्हणणे कठीण आहे.

इमाम गझाली यांचे मत या संदर्भात नेहमी अर्धेच उद्धृत केले जाते. इ.स. १०९५ मधल्या ‘तहाफुतुल फलासिफा’ या ग्रंथाच्या आरंभी ते म्हणतात, की मोठे तत्त्वज्ञ अल्लाहला आणि अखेरच्या दिवसाला नाकारत होते हा त्यांच्या आंधळ्या अनुयायांनी पसरवलेला समज आहे. तरीही त्याच ग्रंथाच्या शेवटी तीन मतांवर ते कुफ्रचा निवाडा देतात: जग अनादी आहे, अल्लाहला सर्वसाधारण तेवढेच कळते पण एकेक घटना त्याप्रमाणे कळत नाही, आणि देहांचे पुनरुत्थान होणार नाही. पुढे ‘अल-मुन्किज’मध्ये ते तत्त्वज्ञांचे दहरी (निर्माता नाकारणारे), तबीई (निसर्गवादी) आणि इलाही असे तीन वर्ग करतात, सुक्रात, अफलातून आणि अरस्तू यांना तिसऱ्या, म्हणजे ईश्वर मानणाऱ्या वर्गात ठेवतात, आणि तरीही त्यांना काफिर ठरवतात. या दोन विधानांत विरोध नाही. ईश्वर मानणे आणि मोमिन असणे या गोष्टी वेगळ्या आहेत, हेच तिथे अभिप्रेत आहे.

इब्न तैमिया (मृत्यू इ.स. १३२८) अधिक कठोर आहेत, पण इतिहासाच्या दोन मुद्द्यांवर त्यांची नजर अनेक तत्त्वज्ञांपेक्षा तीक्ष्ण निघाली. अरस्तूचा शिष्य असलेला मॅसिडोनियाचा सिकंदर म्हणजेच कुरआनातले जुलकरनैन, म्हणून अरस्तू एका मुवह्हिद राजाचा वजीर, अशी समजूत प्रचलित होती. ती त्यांनी मोडून काढली आणि हा सिकंदर ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या सुमारे ३०० वर्षे आधीचा मूर्तिपूजक राजा होता, हे स्पष्ट केले. दुसरे म्हणजे, जग अनादी आहे असे म्हणणारा अरस्तू हा ग्रीकांतला पहिला, त्याच्या आधीचे लोक जगाला आरंभ मानत, असे त्यांनी लिहिले. अरस्तूने स्वतः ‘आकाशाविषयी’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात जवळजवळ हीच कबुली दिली आहे, की आधीचे सगळे जण जग उत्पन्न झाले असे मानत होते. अर्थात ‘उत्पन्न झाले’ म्हणजे ‘अल्लाहने शून्यातून निर्माण केले’ असे नव्हे, हे भान इथेही ठेवले पाहिजे.

तरीही पैगंबराचा प्रकाश ग्रीकांपर्यंत पोहोचलाच नसेल असे मी म्हणणार नाही, कारण कुरआनच मला तसे म्हणू देत नाही. प्रत्येक समाजात इशारा देणारा होऊन गेला (३५:२४), प्रत्येक उम्मतमध्ये रसूल पाठवला गेला (१६:३६), आणि काही रसूलांची हकीकत सांगितली तर काहींची सांगितलीच नाही (४०:७८). ग्रीसही यात येते. पण कोण्या समाजात रसूल आला होता यावरून त्या समाजातला अमुक तत्त्वज्ञ त्याचा अनुयायी होता असे सिद्ध होत नाही. हाच नियम आपल्या देशालाही लागू आहे, आणि उपनिषदांविषयी मला विचारले जाते तेव्हा मी तोच सांगतो. अल-बिरूनीने इ.स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले, की हिंदूंमधले जाणते लोक एकच, अनादी आणि अनंत ईश्वर मानतात, मूर्ती सामान्य जनांसाठी आहेत, आणि ख्रिस्तपूर्व ग्रीकांची स्थितीही अशीच होती. अठराव्या शतकात दिल्लीचे नक्शबंदी सूफी मिर्झा मझहर जानेजानां यांनी भारतातही पैगंबर आले असावेत हे मान्य करून त्यांच्याविषयी मौन बाळगणे उत्तम मानले. ही संयमी भूमिका मला पटते.

प्रेषिताशिवाय तौहीद शक्यच नाही असेही नाही, याचे उदाहरण खुद्द मक्केत आहे. जैद बिन अम्र बिन नुफैल हे पैगंबर मुहम्मद (स.) यांना नुबुव्वत मिळण्याआधीच वारले. मूर्तींपुढे कापलेल्या जनावराचे मांस ते खात नसत, जिवंत पुरल्या जाणाऱ्या मुलींना वाचवत, आणि इब्न इस्हाक यांच्या वृत्तांतानुसार ते म्हणत, की हे अल्लाह, तुझी उपासना कोणत्या रीतीने तुला आवडते हे मला ठाऊक असते तर मी तशीच केली असती. मुवह्हिद कोणाला म्हणायचे याचा नमुना माझ्यासाठी हा आहे. जैद यांच्याकडे मेटाफिजिक्स नव्हते. त्यांनी उपासनेची वाटणी होऊ दिली नाही.

राहिला व्यक्तींच्या निकालाचा प्रश्न. त्यांची मते तौहीदच्या विरुद्ध होती असे म्हणणे हा अभ्यासाचा भाग आहे. ते जहन्नमी आहेत असे म्हणणे आपल्या हाती नाही. रसूल पाठवल्याशिवाय आम्ही शिक्षा करत नाही (१७:१५) या आयतीवरून अशअरी विद्वान संदेश न पोहोचलेल्यांना जबाबदार धरत नाहीत. बरेच मातुरीदी विद्वान मात्र बुद्धीनेही निर्माता ओळखणे बंधनकारक मानतात. ‘अहले फत्रा’, म्हणजे दोन रसूलांच्या मधल्या काळातले लोक, यांची कयामतच्या दिवशी परीक्षा होईल अशीही रिवायत आहे. सुक्रातपर्यंत कोणता संदेश कोणत्या रूपात पोहोचला होता हे आपण जाणत नाही, म्हणून त्याच्यासाठी ‘रहमतुल्लाह अलैह’ म्हणू नये आणि त्याच्यावर लानतही करू नये.

त्यांचे ग्रंथ वाचावेत का, याचे उत्तर इब्न रुश्द यांनी दिले आहे: कुर्बानीची सुरी ज्याने घडवली तो आपल्या धर्माचा होता की नाही हे आपण पाहत नाही, सुरी नीट आहे की नाही एवढेच पाहतो. गझालींनीही, तत्त्वज्ञांवर एवढी टीका करूनही, त्यांचे तर्कशास्त्र ठेवून घेतले आणि उसूलवरच्या (इस्लामी कायद्याच्या मूलतत्त्वांवरच्या) ‘अल-मुस्तस्फा’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, ज्याला ते येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा नाही, असे लिहिले. तेव्हा वाचायला सुरुवात करायची असेल तर अफलातूनचा ‘अपॉलॉजी’ आणि त्याच्या जोडीला गझालींचे ‘अल-मुन्किज’ घ्यावे. दोन्ही लहान आहेत. ‘उसूलूजिया’ वाचलेच तर ते प्लोटायनसचे म्हणून वाचावे.